बारा व्होल्टचा माणूस

प्रभुलिंग विजेला भितो, हे नव्या पेठेतल्या त्या बोळात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्याच बोळात तो अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवत होता. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात, हे कोडं शेजारच्या झेरॉक्सवाल्याला कधी सुटलं नाही. पण प्रभुलिंगला त्यात कोडं वाटायचं नाही. भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या आत एका पत्र्याच्या डबीत शिरते आणि डबीतून बाहेर पडताना बारा व्होल्टची होऊन येते. बारा व्होल्टनं मुंगीही मरत नाही. त्या डबीच्या पुढं प्रभुलिंग वाघ होता. डबी बिघडली तर मात्र तो ती अख्खी बदलायचा, उघडायचा नाही. उघडा म्हणून कुणी आग्रह धरला तर हात जोडायचा.

लोकांच्या घरी जायचा तेव्हा त्याचा थाट बघण्यासारखा असे. पिशवीत धुतलेल्या रबरी चपलांचा एक वेगळा जोड. दारात बाहेरची चप्पल काढायची आणि ही पांढरी, निळ्या पट्ट्यांची चप्पल घालून आत जायचं. आधी पंखा, मग कूलर बंद करायला लावायचा, म्हणजे दमट हवा उघड्या मशीनवर नको. हात टॉवेलला कोरडे करायचे. काम उजव्या हातानं, डावा पाठीमागे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. सत्यनारायणाला बसलेला भटजी बरा, याचं सोवळं जास्त.

हसणाऱ्यांना सिद्धाराम माहीत नव्हता. सिद्धाराम प्रभुलिंगचा मोठा भाऊ, चादरीच्या कारखान्यात मागावर होता. प्रभुलिंग नऊ वर्षांचा असताना दुपारी त्याचा डबा घेऊन गेला, तेव्हा सिद्धारामचा हात मागाच्या मोटरला चिकटलेला होता. तो ओरडत नव्हता, हे प्रभुलिंगला सगळ्यात आधी दिसलं. माणूस डोळे उघडे ठेवून उभा आणि तोंडातून आवाज नाही. ज्यानं त्याला ओढायला धरलं, तो चार फूट लांब जाऊन पडला. दुसऱ्यानं धरलं, तोही पडला. कुणीतरी मेन स्विचकडं धावलं, तोवर उशीर झाला होता.

तेव्हापासून प्रभुलिंगच्या मनात एकच भीती घर करून राहिली. स्वतःच्या मरणाची नव्हे, तीही होतीच म्हणा, पण खरी भीती वेगळी. आपण हात लावलेल्या घरात विजेनं कुणाला काही होऊ नये. काम संपवून निघताना तो गळ्यातल्या इष्टलिंगाला शर्टावरूनच हात लावायचा आणि मनातल्या मनात एवढंच मागायचा. अठरा वर्षांत तसं काही घडलं नव्हतं.

सुकन्याच्या मशीनचं काम त्याच्याकडं आलं ते मार्च महिन्यात. सुकन्या चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअरचं काम बघायची. लग्न झालेलं नव्हतं, विजापूर रोडकडच्या एका रो-हाऊसमध्ये आजीला घेऊन राहायची. आईवडील अक्कलकोटजवळ शेतावर. या पोरीनं वर्षभर एकेक भाग जमवून, व्हिडिओ बघून बघून, खाटेवर पसारा मांडून स्वतःच्या हातानं गेमिंग कॉम्प्युटर बांधला होता. बाजूला काच, आत निळेजांभळे दिवे, पाच पंखे. आजी चन्नम्मा त्याला सुकन्याचं देवघर म्हणायची. रविवारी दुपारी सुकन्या आणि तिच्या जुन्या हॉस्टेलच्या मैत्रिणी आपापल्या घरून एकत्र गाड्यांची शर्यत खेळायच्या. आठवड्यातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा.

आणि ऐन रंगात आलं की पडदा काळा व्हायचा. पंखे थांबायचे, दिवे विझायचे आणि दोन सेकंदांनी मशीन काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

पहिल्यांदा प्रभुलिंग गेला तेव्हा त्यानं आपला सगळा विधी केला. चप्पल, टॉवेल, कूलर बंद. मग मशीन उघडून पंख्यात अडकलेली रुई काढली. रॅमच्या दोन पट्ट्या उपसून त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. एकच पट्टी लावून चालवलं, मग दुसरीच लावून चालवलं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. सुकन्यानं तासभर गेम खेळून दाखवला. मशीन एकदाही बंद पडलं नाही.

"झालं ताई," प्रभुलिंग म्हणाला. "धूळ होती."

पुढच्याच रविवारी फोन. दुसऱ्यांदा गेला तेव्हा त्यानं पत्र्याची डबीच बदलून स्वतःची चांगली डबी लावून पाहिली. तास-दीड तास मशीन सुरळीत चाललं. तेवढ्यात आजी पाय ओढत आली आणि शेजारी खुर्चीवर बसून तळहात चोळायला लागली.

"हातपाय बधिर झाल्यासारकं होतंय रे," ती म्हणाली. "हाताला मुंग्या येतात बघ. डाक्टर म्हणतो, शुगरचं हाय."

"आज्जी, गोळ्या घेत जावा की वेळेवर," प्रभुलिंग म्हणाला. त्याचं सगळं लक्ष मशीनकडं होतं.

तिसऱ्यांदा तो मशीनच दुकानात घेऊन गेला. दोन दिवस, दोन रात्री त्याच्यावर भार टाकणारं सॉफ्टवेअर चालवून ठेवलं. पंखे किंचाळत होते, पण मशीन हू की चू करेना. तो मशीन परत देऊन आला आणि म्हणाला, "मशीनमध्ये काही दोष नाही." पण सुकन्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिनं स्वतःच्या हातानं बांधलेलं काहीतरी चुकलंय असं तिला वाटायला लागलंय. प्रभुलिंगला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. घरी गेलं की मरायचं आणि डॉक्टरसमोर ठणठणीत, अशा दुखण्याला काय करायचं?

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चौथा फोन आला. अकराचा सुमार, ऊन त्रेचाळीस अंशांवर. प्रभुलिंग दारात पोचला, वाकून पिशवीतून पांढरी चप्पल काढली आणि आतून सुकन्या लगबगीनं आली.

"दादा, आज चप्पल नको. आजीची लिंगपूजा चाललीय हॉलमध्येच. आतल्या खोलीत उकडून तिला चक्कर आली सकाळी, म्हणून कूलरपुढं बसलीय."

"धुतलेली आहे ताई. घरातलीच आहे."

"एनप्पा, काय रे बाबा, पूजेत चप्पल घालून येणार व्हय?" आतून चन्नम्माचा आवाज आला. "गळ्यात लिंग हाय न्हवं तुज्या?"

प्रभुलिंग उंबऱ्यातच थबकला. परत फिरावं असं त्याला खरंच वाटलं. नंतर येतो म्हणावं, दुकानात कुणी आलंय म्हणावं. पण गळ्यातल्या लिंगाची आठवण करून दिल्यावर माघारी फिरणार कसं? त्यानं चप्पल पिशवीत टाकली आणि अनवाणी आत पाऊल ठेवलं. शहाबादी फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती. तळपायाला गारवा लागला.

"कूलर तेवढा..." तो म्हणाला.

"राहू दे दादा, तिला बरं नाही."

म्हणजे आज चप्पल नाही आणि कूलर घरघरतोय. प्रभुलिंगला उघड्या अंगानं बाजारात उभं केल्यासारखं झालं. तो जीव मुठीत धरून टेबलापाशी गेला आणि सुकन्याला गेम लावायला सांगितलं. तिनं शर्यत सुरू केली. दहा मिनिटं झाली नसतील, पडदा काळा पडला. पंखे थांबले, दिवे विझले.

"बघा! बघितलंत की नाही?" सुकन्या टाळी वाजवून ओरडली. तीन वेळा खोटी पडलेली पोरगी, तिला आनंदच झाला. "मी सांगत होते ना!"

प्रभुलिंगनं मशीन ओढून घेतलं आणि मागचा स्क्रू काढायला हात घातला. बोटांतून कोपरापर्यंत काहीतरी सळसळत गेलं. त्यानं हात झटकन मागे घेतला.

"काय झालं दादा?"

"काही नाही." लोक हसतात हे त्याला माहीत होतं. आपल्या भीतीनंच आपल्याला फसवलं असेल, असंही त्याला वाटलं. मग त्यानं बोटांची उलटी बाजू हळूच त्याच स्क्रूला टेकवली. पुन्हा तेच. यावेळी तळपायसुद्धा झिणझिणले.

पिशवीच्या तळाशी एक टेस्टर होता. अठरा वर्षं तो नुसताच वागवत होता. त्याचं टोक त्यानं मशीनच्या पत्र्याला लावलं आणि टेस्टरमधला इवलासा दिवा लाल पेटला. त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं. दिवा पेटलेलाच. मग पिन उपसून काढली. दिवा विझला.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. बटण बंद असताना पिनच्या दोन पायांतून वीज येऊ शकत नाही असं मानलं, तर उरला तिसरा पाय, अर्थिंगचा. त्याचं काम चुकलेली वीज जमिनीत सोडून द्यायचं. इथं उलटंच चाललं होतं. जिथून वीज घराबाहेर जायची तिथूनच ती मशीनमध्ये येत होती. म्हणजे मशीन निर्दोष होतं. घरात दुसरं काहीतरी वीज सोडत होतं, जमिनीकडची वाट बंद होती आणि घरातला तीन पायांच्या पिनचा प्रत्येक पत्रा वीज अंगावर घेऊन उभा होता. आपण येताच काय बंद करायला लावतो? मशीन दुकानात नेलं तेव्हा त्याच्याजवळ काय नव्हतं?

हाताला मुंग्या येतात बघ, असं आजी म्हणाली होती.

प्रभुलिंगनं मान वळवली. चन्नम्माची पूजा आटोपली होती. ओल्या पायांनी, ओल्या लुगड्यात ती स्टीलची कळशी कमरेवर घेऊन कूलरपाशी पोचली होती. पाणी घालायचं झाकण वरच्या बाजूला होतं. तोल सावरायला तिनं डावा तळहात कूलरच्या पत्र्याकडं नेला.

"आज्जी, हात लावू नका!"

कूलरच्या घरघरीत तिला ते ऐकू गेलं नाही. हात पत्र्यावर टेकला. कळशी कमरेवरून सुटली, फरशीवर आदळली आणि पाणी सगळीकडं पसरलं. चन्नम्मा उभीच राहिली. डोळे उघडे, जबडा घट्ट, आणि तोंडातून आवाज नाही.

"आजी!" सुकन्या धावली.

"ताई, शिवू नका तिला!" प्रभुलिंग इतक्या जोरात ओरडला की सुकन्या जागच्या जागी थिजली. "लांब व्हा! पाण्यात पाय टाकू नका! मेन स्विच कुठं आहे?"

"व्हरांड्यात... मीटरखाली..."

कूलरचं बटण चन्नम्माच्या डोक्यामागं होतं आणि तिथवर पाणीच पाणी. प्रभुलिंग व्हरांड्यात धावला. मीटरखाली लोखंडी पेटीचा जुना मेन स्विच होता, बाजूला लोखंडी दांडा. या घरातला कोणता पत्रा विजेचा आणि कोणता नाही, हे आता देवच जाणे. हात पुढं येईना. अक्षरशः येईना, कुणी दंडाला धरून ठेवल्यासारखा. आतून सुकन्याचं रडणं ऐकू येत होतं आणि चन्नम्माचं काहीच ऐकू येत नव्हतं. त्या न येणाऱ्या आवाजानंच त्याला ढकललं. त्यानं खांद्यावरचा कोरडा टॉवेल दांड्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला. तो रंगानं चिकटून बसलेला. त्यानं सगळं अंग त्याच्यावर टाकलं. खाड् असा आवाज झाला आणि घरातली घरघर बसत गेली.

तो आत आला तेव्हा चन्नम्मा पाण्यात पडली होती आणि सुकन्या तिच्या शेजारी गुडघ्यांवर. प्रभुलिंगला जवळ जायचं धाडस होईना. त्याला वाटलं, संपलं. ज्या गोष्टीला आपण जन्मभर भ्यालो ती आज इथं झाली, आणि तीनदा येऊन गेल्यावर झाली.

मग चन्नम्मा खोकली.

"अय्यो शिवा," ती म्हणाली आणि रडायला लागली. इतका सुंदर आवाज प्रभुलिंगनं आयुष्यात ऐकला नव्हता. तो भिंतीला टेकून खालीच बसला.

चन्नम्माला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. तळहाताची कातडी भाजली होती, छाती दुखत होती, पण जीव वाचला. महिपती वायरमननं घर उलटंपालटं करून बिघाड काढला. कूलरची मोटर आतून वीज सोडत होती. आणि संक्रांतीच्या सुमाराला अंगणात नवी फरशी घातली तेव्हा गवंड्यानं अर्थिंगचा खड्डा बुजवून टाकला होता, तार तोडली होती. कूलरमधली वीज अर्थिंगच्या तारेनं कॉम्प्युटरच्या पत्र्यात यायची आणि तिथून इंटरनेटच्या वायरनं बाहेर पळायला बघायची, त्या झटक्यानं मशीन बंद पडायचं. महिपतीनं मोटर बदलली, कोळसा-मीठ घालून नवा खड्डा केला, वीज जरा गळली की आपोआप पडणारा स्विच बसवला. सुकन्याचं मशीन त्यानंतर एकदाही बंद पडलं नाही.

प्रभुलिंगनं मात्र दुकान उघडलं नाही. आठ दिवस तो घरात बसून होता. पोरीचं मशीन वाचवायला गेलो आणि तिच्या आजीला मरणाच्या दारात ठेवून तीनदा परत आलो, हे त्याच्या डोक्यातून जाईना. पहिल्या दिवशी अनवाणी आत गेलो असतो तर त्याच दिवशी कळलं असतं. कूलर चालू ठेवला असता तर मशीन माझ्यासमोर बंद पडलं असतं. आपल्या जिवाला जपायला केलेला एकेक विधी त्या बाईच्या जिवावर उठला होता. आणि मुंग्या येतात म्हणून तिनं सांगितलं, तर आपण काय म्हणालो? गोळ्या घ्या.

नवव्या दिवशी सुकन्याचा फोन आला.

"दादा, मशीनसाठी नाही. आजी कूलरजवळ जात नाही. फ्रीज उघडत नाही, बटण दाबत नाही. दिवसभर अंगणात लिंबाखाली बसते. काल उन्हानं चक्कर येऊन पडली. महिपतीकाकांनी दहा वेळा हात लावून दाखवला तरी ऐकत नाही. ती म्हणते, प्रभुलिंगला बोलाव."

प्रभुलिंग गेला. चन्नम्मा झाडाखाली खाटेवर, हाताला पांढरी पट्टी. चेहरा उन्हानं काळवंडलेला. तो तिच्या पायाशी खाली बसला आणि सगळं सांगून टाकलं. कूलर आपणच कसा बंद करायला लावायचो, चप्पल का घालायचो, सिद्धारामचं काय झालं, सगळं.

"माजं चुकलं आज्जी. मी भ्यालो म्हणून मला दिसलं नाही."

चन्नम्मा खाटेवर पुढं सरकली.

"लई घाबरट हाईस की रे तू."

"व्हय, आज्जी."

"मग ऊठ. चल आत. त्या कूलरला तू हात लाव."

प्रभुलिंग उठेना. "महिपतीनं लावला की."

"त्यो महिपती कशालाबी हात लावतोय. त्याच्या हातानं मला काय कळणार?" ती म्हणाली. "तू लावलास तर मी मानीन. तुज्यासारका भित्रा माणूस दुसरा कुटं बघू मी?"

तिघं आत आली. सुकन्यानं कूलर सुरू केला. घरघर ऐकताच चन्नम्मानं नातीचा दंड घट्ट धरला. प्रभुलिंगनं पिशवीतला टेस्टर काढला. "त्ये नगं," आजी म्हणाली. "हात." त्यानं टेस्टर टेबलावर ठेवला. महिपतीचं काम चोख आहे हे त्याला कळत होतं, नवा स्विच आहे हेही कळत होतं. पण जे डोक्याला कळतं ते हाताला कळायला वेळ लागतो. हात पुढं गेला, परत आला. पुन्हा गेला. चन्नम्मा श्वास रोखून त्या हाताकडंच बघत होती. तिच्या डोळ्यांतली भीती त्यानं ओळखली, कारण ती त्याच्या स्वतःच्या घरातली होती. त्यानं डोळे मिटले आणि अख्खा तळहात पत्र्यावर ठेवला.

पत्रा गार होता आणि मोटरच्या फिरण्यानं बारीक हलत होता.

त्यानं हात काढला नाही. दुसराही हात ठेवला.

"काय न्हाई आज्जी," तो म्हणाला. "गार लागतंय नुसतं."

चन्नम्मा एकेक पाऊल टाकत आली. पट्टी नसलेला हात तिनं वर उचलला, मध्येच थांबवला, आणि मग प्रभुलिंगच्या हाताला चिकटून, करंगळीला करंगळी लावून, पत्र्यावर ठेवला. दोघंही रडत होती. सुकन्यानं खुर्ची ओढून आजीच्या मागे ठेवली.